डावीकडून शेवटची

अपोलोनिया हे नाव आमच्या साताऱ्यात कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. मुलींनी पहिल्याच वर्षी त्याचं 'अप्पा' करून टाकलं आणि पुढं सगळा जन्म त्या शाळेत, गल्लीत, मंडईत अप्पा सिस्टर म्हणूनच ओळखल्या गेल्या. नव्यानं आलेले पालक ऑफिसात विचारायचे, "अप्पा सिस्टर कुठं बसत्यात?" आणि आत कोणी मिशाळ, उंचापुरा गृहस्थ असेल अशा बेतानं दारातून जपून डोकवायचे. आत खुर्चीत पाय जमिनीला जेमतेम टेकणारी, राखाडी साडीतली, सावळी, ठेंगणी बाई बसलेली असायची. ती चष्म्यावरून बघत म्हणायची, "या. पुरावा काय आणलाय?"

पुरावा हा त्यांचा शब्द. त्या इतिहास शिकवायच्या, मी गणित. एखादीनं उत्तरात 'राजा फार दयाळू होता' असं लिहिलं, की समासात लाल शाईनं एवढंच यायचं : पुरावा? स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, उद्या सुट्टी जाहीर होणार आहे, तर पुरावा? शिपाईमामांनी गॅस संपल्याचं सांगितलं तरी त्या उठून सिलिंडर हलवून बघायच्या. माझ्या लग्नाची पत्रिका मी त्यांच्या हातात दिली तेव्हा ती उलटीसुलटी बघून त्या म्हणाल्या, "चला, हा पुरावा झाला. नवरा आला की खात्री करू."

पण एकदा त्यांना हरलेलंही मी पाहिलं. कोरेगावकडचे एक सुभेदार सुट्टीवर आले होते. मुलीची सहामाही बुडाली होती, तिला पुन्हा बसवावं म्हणून ते सिस्टरांसमोर उभे होते.

"आवं सिस्टर, पोरीला लय ताप हुता."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"डॉक्टरकडं न्हेलंच न्हाई. आईनं काढा दिला, उतरला."

"मग पुरावा काय?"

सुभेदार कवायतीला उभं राहावं तसे ताठ झाले. "पुरावा म्हंजे? मी सांगतोय न्हवं? माझी जबान हाय की."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. सोमवारी पाठवा तिला." ते गेल्यावर मी हसले, तर मला म्हणाल्या, "हसू नकोस वैशाली. शब्दासाठी जो माणूस असा उभा राहतो, त्याचा शब्दही पुरावाच असतो. फक्त कुणीतरी तो लिहून ठेवायला हवा."

त्या मूळच्या राहुरीकडच्या. बोलण्यात नगरचा ठसका शेवटपर्यंत राहिला. त्यांचा धर्मभगिनींचा संघ मूळचा युरोपातला, जर्मन बोलणाऱ्या मुलखातला. तिकडच्या सिस्टर फार पूर्वी साताऱ्यात आल्या, त्यांनी आधी दवाखाना काढला, मग शाळा. शेवटच्या दोघीतिघी म्हाताऱ्या होऊन परत गेल्या आणि जाताना मठातले बरेचसे जुने कागदही घेऊन गेल्या. दवाखाना बंद पडला. शाळा राहिली आणि मठात चार आपल्याकडच्या सिस्टर राहिल्या. त्यांतल्या एक अप्पा सिस्टर.

शिकवणं थांबल्यावर त्या थोड्या सैरभैर झाल्या होत्या. त्याच सुमारास मूळ मठानं आपला सगळा जुना इतिहास इंटरनेटवर टाकल्याची बातमी आली. जुनी पत्रं, वार्षिक अहवाल, फोटो, निधन पावलेल्या सिस्टरांची नावं, सगळं स्कॅन करून. दुपारी शाळेची कॉम्प्युटर लॅब रिकामी असायची. मी त्यांना माउस धरायला शिकवला आणि जर्मन मजकुराचं मराठी कसं करून घ्यायचं ते दाखवलं.

पहिल्या दिवशी पडद्यावर उमटलं : 'त्या वर्षी सात बहिणींनी सवय घातली.'

"कसली सवय?" सिस्टर पुढं वाकल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. व्रतस्थांचा झगा! हॅबिट! मशीननं त्याची सवय केली होती. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही भेटलो की त्या विचारायच्या, "काय गं, आज कोणती सवय घातलीस?" एवढ्या आनंदात मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दुपार झाली की त्या लॅबमध्ये. कुठलं जहाज, कुठलं बंदर, साताऱ्यापर्यंतची बैलगाडी, पहिल्या उन्हाळ्यात तापानं गेलेली पोरसवदा सिस्टर, सगळं त्या मला येऊन सांगायच्या, जणू कालच घडलंय. हळूहळू सांगणं कमी झालं. त्या पत्रांतून इथल्या मुलींबद्दल जे लिहिलं होतं ते त्यांना लागत होतं. मुली प्रेमळ आहेत, कष्टाळू आहेत, पण अभ्यासाच्या नाहीत, त्यांना स्वयंपाकघर आणि धुणं बरं, अशा अर्थाचं बरंच काही. एक दिवस पडद्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "या मुली म्हणजे माझ्या आईच्या वयाच्या. आमच्याच गावांकडून आणलेल्या."

मग तो फोटो सापडला.

दवाखान्याचा व्हरांडा. पाच गोऱ्या सिस्टर खुर्च्यांवर, आणि टोकाला एक सावळी, पांढऱ्या लुगड्यातली, हातात तपेलं घेऊन उभी. फोटो निघताना ती हलली असावी, चेहरा पुसट आला होता. खाली डावीकडून पाच नावं होती, आणि सहावीच्या जागी : 'आणि एक स्थानिक स्त्री.'

"ही मार्ता सिस्टर," अप्पा सिस्टर म्हणाल्या.

"चेहरा तर दिसतच नाही."

"चेहरा कशाला हवा? उभी बघ कशी आहे. एका पायावर सगळा भार. अशीच उभी राहायची."

मार्ता सिस्टरांचं नाव मी तोवर क्वचितच ऐकलं होतं. त्या दिवशी सगळं ऐकलं. सतरा-अठरा वर्षांची अपोलोनिया घर सोडून मठात आली तेव्हा मार्ता सिस्टर म्हाताऱ्या होत्या. सकाळी मठाचा स्वयंपाक, दुपारी दवाखाना, आणि कोणाचे दिवस भरले की पिशवी घेऊन चालत गावोगाव. कोरेगावच्या वाटेवरच्या कितीतरी घरांतली बाळंतपणं त्यांनी केली होती. नव्या मुलींना मठात सूप आणि पाव मिळायचा. अपोलोनियाला तो गिळवेना. ती स्वयंपाकघराच्या मागं जाऊन रडायची. एकदा मार्ता सिस्टरांनी तिला पाहिलं, आत ओढलं, पुढ्यात कांद्यांची टोपली ठेवली आणि म्हणाल्या, "रडायचं असंल तर हे चिर. मग कुणी इचारत नाही." वर चुलीवरची गरम भाकरी आणि ठेचा दिला. "मी त्या भाकरीवर राहिले," सिस्टर म्हणाल्या. "देवाच्या हाकेवर राहिले असं सगळ्यांना सांगत आले, पण खरं म्हणजे त्या भाकरीवर राहिले."

त्यांनी निधन पावलेल्या सिस्टरांच्या यादीत मार्ता शोधलं. तिकडच्या पुष्कळ मार्ता निघाल्या, साताऱ्याची एकही नाही. मार्था, मारथा, मार्टा, सगळं लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर : काहीही सापडलं नाही. दफनभूमीत लाकडी क्रूस होता, त्यावर चुन्यानं नाव होतं, ते कधीच वाहून गेलं होतं. क्रूसही आता नव्हता. चारी सिस्टरांमध्ये मार्ता सिस्टरांना पाहिलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

"एवढी बाई होती, वैशाली. एवढी! आणि कुठंच नाही?"

त्यांनी मूळ मठाच्या संग्रहालयाला ईमेल लिहिलं. शब्द त्यांचे, इंग्रजी दोघींचं. तिकडे ते काम बघणाऱ्या बाईंचं उत्तर लवकर आणि फार सौजन्यानं आलं. इथल्या सिस्टरांची नोंद वेगळ्या वहीत ठेवली जायची, ती वही त्यांच्याकडे नव्हती. नाव घालायला त्यांची हरकत नव्हती, पण कागद हवा होता. जन्माचा, व्रताचा, मृत्यूचा, कोणताही. अपोलोनिया सिस्टरांची आठवण मोलाची आहे, असं त्यांनी लिहिलं होतं, परंतु एकाच व्यक्तीच्या आठवणीवर नोंद बदलता येत नाही. निदान आणखी दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या, तर विचार करता येईल.

सिस्टर ते पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. मीही हेच मागितलं असतं."

आणि आम्ही साक्षी शोधायला निघालो. मी गाडी चालवायची आणि फोनवर रेकॉर्डिंग करायचं, बोलायचं त्यांनी. कोरेगावच्या अलीकडच्या एका गावात ओळखीच्या ओळखीनं एक म्हातारी सापडली. अंगणात सुपात घेवडा सोलत बसली होती. सिस्टरांनी नाव काढलं मात्र, तिचे हात थांबले.

"मारताबाय? आवं, माझी दोनी पोरं तिच्याच हातची! थोरला आडवा आला हुता. सगळ्यांनी आशा सोडलीती. ती चालत आली, पायात काय न्हाई. मला म्हनली, वरड, लाजू नगंस, सासू गेली चुलीत." म्हातारी खुदकन हसली. "सासू दारातच हुती बगा. लय द्वाड बाई मारताबाय. पर देव हुती."

"कशी उभी राहायची ती? आठवतं?"

"आता उबी कशी ऱ्हाती बाई? पर बसायची न्हाई कवाच. च्या बी उब्यानं प्यायची."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. फोन चालूच होता.

तेवढ्यात म्हातारीचा नातू आला. तिशीतला, गावात खतांचं दुकान असलेला. त्यानं आधी पाणी विचारलं, मग सिस्टरांच्या गळ्यातला क्रूस बघितला, मग माझ्या हातातला फोन.

"काय रेकॉर्ड करताय, ताई?"

मी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे कुठं जाणार?"

"त्यांच्या संघाच्या वेबसाइटवर. इतिहासाचं काम आहे."

"म्हंजे आमच्या आजीचं नाव, आमच्या बापाचं नाव, आमच्या गावाचं नाव मिशनच्या वेबसाइटवर." तो मान हलवू लागला. "न्हाई जमायचं. पुसा ते."

"अरे बाळा," सिस्टर म्हणाल्या, "तुझे वडील जिच्यामुळं जगले, तिचं नाव कुठंच नाहीये. तेवढंच लिहायचंय."

"सिस्टर, तुमी वाईट काय करताय असं मी म्हनत न्हाई. पर उद्या कुनीतरी ह्येच मोबाइलवर फिरवनार, ह्यांच्या घरात मिशनऱ्यांचं येनंजानं हाय म्हनून. तुमी गाडीत बसून जाल. आमाला हितं ऱ्हायाचंय. माझ्या बहिनीचं जमवायचं चाललंय."

म्हातारी काहीतरी बोलायला गेली. तो तिला म्हणाला, "आजे, तू गप." ती पुन्हा घेवडा सोलू लागली.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पूस, वैशाली. त्यांचं आहे ते."

त्याच्या डोळ्यांदेखत मी ते पुसलं. त्यानं खात्री करून घेतली आणि आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. दार लावताना म्हणाला, "राग मानू नका." परतताना साताऱ्याजवळ आलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "खोटं काय बोलला तो? काहीच नाही."

तरी त्या थांबल्या नसत्या. फलटणला दवाखान्यातले जुने कंपाउंडर मुलाकडे राहतात असा पत्ता लागला होता, पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं होतं. पण कोरेगावच्या गोष्टीची कुणकुण मठात लागली. मठाच्या प्रमुख, सुपिरियर सिस्टर, वयानं अप्पा सिस्टरांपेक्षा कितीतरी लहान, त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी मला आणि सिस्टरांना बोलावून घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

"सिस्टर, शाळेत साडेसातशे मुली आहेत. उद्या गेटवर माणसं आली तर मी काय करू? मेलेल्या माणसासाठी जिवंत शाळा पणाला लावायची का?"

"तिचं फक्त नाव," सिस्टर म्हणाल्या.

"मला कळतं. पण आता गावोगाव फिरणं बंद. हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये."

आज्ञापालनाचं व्रत म्हणजे काय, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. ज्या मुलीला यांनी बाकावर उभं केलं असेल, तिच्यासमोर सिस्टर मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "होय, सिस्टर."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आपण आपलं वेगळं पान काढू. तुम्ही लिहा, मी टाइप करते. कुणाची परवानगी नको."

"आणि वाचणार कोण? तू आणि मी? मला तिचं नाव तिथं हवंय, वैशाली. जिथं 'एक स्थानिक स्त्री' लिहिलंय तिथं. दुसरीकडं लिहून तिथलं पुसलं जातं का?"

त्यांनी संग्रहालयाच्या बाईंना पुन्हा लिहिलं. दोन साक्षी मिळणं शक्य नाही, कारणं अशी अशी. निदान फोटोखाली 'कदाचित' असा शब्द घालून तरी नाव द्या. कदाचित मार्ता. आयुष्यभर 'पुरावा' म्हणणाऱ्या बाईनं 'कदाचित' मागितलं होतं.

उत्तर आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुन्हा पाठवलं तर ते परतच आलं, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. मग एका दुपारी त्यांनी मला वर्गातून बोलावून नेलं. वेबसाइटच्या पहिल्या पानावर नवा मजकूर होता. मशीननं त्याचं मराठी केलं होतं : 'हे पान आता विश्रांती घेत आहे.'

खालचं वाचून उलगडा झाला. मूळ मठ बंद झाला होता. तिकडे नव्या मुली येणं कधीच थांबलं होतं. उरलेल्या म्हाताऱ्या सिस्टरांना वृद्धाश्रमात हलवलं होतं, इमारत विकली होती, कागद सरकारी संग्रहात गेले होते. वेबसाइट जशी आहे तशी राहणार होती. वाचता येईल, पण यापुढं त्यात काही घालता येणार नाही की बदलता येणार नाही.

सिस्टरांनी तो फोटो पुन्हा उघडला. पाच नावं, आणि एक स्थानिक स्त्री.

"म्हणजे आता हे कायमचं," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी समजुतीचं बोलले. देवाला सगळी नावं ठाऊक असतात, असलं काहीतरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. "असतील," त्या म्हणाल्या. "त्यानं तरी कुठं लिहिलंय?" आणि संगणक बंद करून, खुर्ची टेबलाखाली सरकवून त्या निघून गेल्या. पुन्हा लॅबमध्ये आल्या नाहीत.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच साताऱ्याचा मठ आवरला गेला. शाळा दुसऱ्या एका संस्थेकडे गेली. तरुण सिस्टरांच्या बदल्या झाल्या आणि अप्पा सिस्टरांना सांगलीला, माधवनगरच्या रस्त्यावर म्हाताऱ्या धर्मभगिनींसाठी एक घर आहे, तिथं पाठवलं. जाताना त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी होती. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही.

मी पहिल्यांदा सांगलीला गेले तेव्हा त्या बऱ्या होत्या. जेवण कसं आहे विचारलं तर म्हणाल्या, "मिळतं." वाचायला नेलेली पुस्तकं पिशवीतच राहू दिली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा बारीक झाल्या होत्या. मी बोलता बोलता सांगितलं, आमच्या स्टाफरूममध्ये आता कोणी 'पुरावा' म्हणत नाही, करमत नाही. मला वाटलं हसतील.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "ती मार्ता नसेल."

"कोण?"

"फोटोतली. मी खूप विचार केला. मी आले तेव्हा मार्ता सिस्टर साठीच्या होत्या. त्यांचा गुडघा दुखायचा, म्हणून एका पायावर भार देऊन उभ्या राहायच्या. फोटो त्याच्या कितीतरी आधीचा, तेव्हा त्या तरुण असणार. तरुणपणी त्यांचा गुडघा कशाला दुखेल?" त्या शांतपणे, फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सांगत होत्या. "मला ती हवी होती, म्हणून मला ती दिसली. विद्यार्थिनीनं असं केलं असतं तर मी शून्य दिलं असतं."

"पण असेलही, सिस्टर."

"असेलही. नसेलही. ती दुसरीच कोणी असेल, तर तिचंही नाव गेलं." मग म्हणाल्या, "त्या बाईंनी माझं ऐकलं नाही ते बरंच झालं. मी खोटं लिहून घेतलं असतं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, पण हातात काही जोर नव्हता. मी म्हटलं, मार्ता सिस्टर होत्या ना? त्यात तर शंका नाही? त्या म्हातारीनं सांगितलं होतं.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आपण पुसलं."

जेवणाची वेळ झाली. व्हरांड्यात लांब टेबल मांडलं होतं. ज्यांना चालवत होतं त्या भिंतीला धरून आल्या, दोघींना चाकाच्या खुर्चीतून आणलं. सिस्टर मला "नीट जा" म्हणाल्या आणि उठल्या. मी फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी राहिले, तिथून त्या मला दिसत होत्या. त्या स्वतःच्या ताटाकडे न बघता शेजारच्या चाकाच्या खुर्चीतल्या, त्यांच्याहून म्हाताऱ्या सिस्टरसाठी वरणभात कालवत होत्या. चमचा भरून त्यांनी तिच्या ओठांपाशी नेला. तिनं तोंड उघडलं नाही. ती समोर कुठंतरी बघत होती. सिस्टरांनी काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. रिक्षा आली, मी बसले, तरी त्यांचा हात तसाच होता, चमचा धरलेला, आणि ते तोंड मिटलेलंच होतं.